पहिल्या ओळीची राखण

श्रीमती सुहासिनी तळवडेकर यांची आणि माझी पहिली भेट घाटकोपरला, आमच्या संस्थेच्या कचेरीत झाली. खाली फरसाणाचं दुकान आणि वर आमच्या दोन खोल्या. आजही पापडी तळल्याचा वास आला की मला ती मुलाखत आठवते. स्त्रियांची स्तनाच्या कर्करोगासाठी तपासणी करणारी एक फिरती गाडी ही संस्था चालवते, एवढंच मला ठाऊक होतं. जागा होती फोन करणाऱ्या बाईची. मी मराठी घेऊन एम.ए. झालेली, मुलगी लहान म्हणून काही वर्षं घरी बसलेली. टेबलापलीकडे करड्या केसांचा अंबाडा घातलेल्या, किरकोळ अंगाच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्या प्रमाणपत्रांकडे पाहिलंच नाही.

"फोनवर वाईट बातमी कशी सांगशील?" त्यांनी विचारलं.

"आधी त्यांना बसायला सांगेन."

"आणि बाई बाजारात टोपली घेऊन बसलेलीच असेल, समोर गिऱ्हाईक असेल, तर?"

"मग किती वाजता मोकळ्या होता ते विचारेन. आणि त्या वेळी नक्की करेन."

"नक्की?"

"नक्की."

"सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या. मी जिन्यापाशी पोचले तेव्हा मागून हाक आली, "आणि गो, खालची पापडी सकाळची घे. संध्याकाळची घेऊ नको, तेल जुनं असतं."

तेव्हापासून त्या माझ्या ताई आहेत. आता त्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि या गौरवग्रंथासाठी त्यांच्या कामाबद्दल मी लिहावं असं संपादकांनी सुचवलं. ताईंना सांगायला गेले, तर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "लिहिणार असशील तर चांगुणाबाईंचं लिही. ते गाळून नुसतं माझं कौतुक केलंस, तर मी ग्रंथातून तेवढी पानं फाडून टाकीन."

मग मी चांगुणाबाईंनाही विचारलं. मढच्या कोळीवाड्यातल्या चांगुणाबाई मासळी विकतात आणि या लेखात त्या पुढे येणारच आहेत. त्या म्हणाल्या, "लिव की. नाव पन माजंच लिव, दुसऱ्या कुनाचं टाकू नको." तेव्हा दोघींच्या परवानगीने लिहिते आहे.

ताईंचा जन्म लालबागचा. वडील मालवणकडून गिरणीत आलेले. कापडाच्या घड्या होऊन त्यांवर शिक्के मारले जात, त्या खात्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. गणित घेऊन पदवीधर झालेल्या ताई एका विमा कंपनीच्या संगणक विभागात लागल्या, तेव्हा संगणकाला एक अख्खी थंड खोली लागायची आणि माहिती भोकं पाडलेल्या कार्डांवर जायची. लग्नानंतर त्या मुलुंडला आल्या. नोकरीतून निवृत्त झाल्या त्याच वर्षी आमच्या संस्थेत विनावेतन काम करू लागल्या, ते आजतागायत. आमच्या सगळ्या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये राहतात, तो ताईंनी उभा केला. "ही दोन घरं सांभाळते," असं तळवडेकर काका म्हणतात, "आणि हिच्या मते मुलुंडचं घर धाकटं."

माझं काम फोनचं, पण ताईंनी मला हळूहळू डेटाबेसच्या कामात ओढलं. मी घाबरत असे. मराठीच्या मुलीला यातलं काय कळणार, असं एकदा बोललेही. त्या म्हणाल्या, "वाचायला शिकलीस ना? फाईलही वाचायचीच असते. फक्त ती वाचणारा दुसरा आहे, आणि तो फार सरळमार्गी आहे. लिहिलंय तेवढंच वाचतो. तू समजून घेतेस, तो घेत नाही." मला त्या वेळी हे वाक्य नुसतं गमतीचं वाटलं होतं.

ताईंच्या कामामागे एक आग्रह आहे, तो आधी सांगायला हवा. पूर्वी आमच्या गाडीत बायकांची नावं इंग्रजी अक्षरांत टिपली जात. ताईंना ते खटकायचं. "बाई गाडीची पायरी चढते, आपलं नाव सांगते. ते तिने सांगितलं तसं, तिला वाचता येईल असं लिहायला आपलं काय जातं?" त्यांनी विश्वस्तांकडे लावून धरलं आणि एका वर्षी नवा लॅपटॉप आला, नावं मराठीत लिहिली जाऊ लागली. सुरुवातीच्याच एका शिबिरात मी ताईंबरोबर होते. एक वयस्कर बाई नाव सांगून झाल्यावर तिथेच थांबल्या, पडद्याकडे बघत राहिल्या. मग एकेक अक्षर लावत त्यांनी स्वतःचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "हां, मीच ती." ताई परतीच्या वाटेवर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. खूश असल्या की त्या गप्प होतात, हे मला तेव्हा कळायला लागलं होतं.

आणि नेमक्या याच चांगल्या कामाच्या पोटी आमची सगळ्यांत मोठी चूक जन्माला आली.

ती समजायला आमची पद्धत थोडी माहीत हवी. शिबिरात प्रत्येक बाईला एक नंबर मिळतो. नंबर, नाव, पत्ता, फोन अशी तिची एक ओळ तयार होते, आणि दिवसअखेर सगळ्या ओळींची एक साधी फाईल कचेरीत येते. क्ष-किरणांच्या तसबिरी डॉक्टरांकडे जातात, त्या मात्र नुसत्या नंबराने. कोणाच्या आहेत ते डॉक्टरांना कळू नये म्हणून. त्यांचा अहवाल दुसऱ्या फायलीत येतो. ताईंनी लिहिलेला प्रोग्रॅम दोन्ही फायली डेटाबेसमध्ये घेतो, नंबराला नंबर जुळवतो आणि ज्यांना पुन्हा तपासायला बोलवायचं त्यांची नावं माझ्यासमोर आणतो. मी फोन करते. सगळं ठीक असेल तर आम्ही त्या काळी फोन करत नसू. फोन नाही म्हणजे काळजी नाही, असंच आम्ही शिबिरात सांगायचो.

मढला आमची गाडी गेली की चांगुणाबाई रांगेत पहिल्या. गाडीचं दार उघडायच्या आधी त्या टोपली खाली ठेवून पायरीपाशी उभ्या असत. त्यांना तपासणी उरकून बाजार गाठायचा असायचा. कोणी मध्ये शिरायला बघितलं की त्यांचा आवाज चढे. "बाजूला हो गं! माजा पापलेट तुज्यासाठी थांबनार हाय काय?" त्यांना मागे ठेवायची कोणाची टाप नव्हती. आमच्या फायलीतही अर्थातच त्यांची ओळ पहिली.

नवा लॅपटॉप आल्यानंतरच्या शिबिरात त्यांची तपासणी झाली. काही महिन्यांनी राहिलेल्या बायकांसाठी गाडी पुन्हा मढला गेली, तेव्हा ताई आणि मीही गेलो होतो. चांगुणाबाई या वेळी सुनेला घेऊन आल्या होत्या. सून बिचकत होती. तिच्या पाठीवर थाप मारून त्या म्हणाल्या, "घाबरतेस काय? मना बघ. माजी झाली, फोन नाय आला, म्हंजे मी झकास!" रांगेतल्या बायका हसल्या, सूनही हसली आणि आत गेली.

ताई मात्र हसल्या नाहीत. संध्याकाळी निघताना मला म्हणाल्या, "फोन आला नाही, त्यावरून तिने अर्थ लावला. तो बरोबर आहे ना, उद्या एकदा बघू."

"ताई, त्यांचं नाव आलं असतं तर मी फोन केलाच असता."

"तू केला असतास गो. नाव आलं असतं तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पडद्यासमोर बसलो. चांगुणाबाईंची ओळ डेटाबेसमध्ये होती. तिच्यापुढे लिहिलं होतं: अहवाल यायचा आहे. ताईंनी डॉक्टरांची फाईल उघडली. तिथे त्याच नंबराचा अहवाल केव्हाच आलेला होता, आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं: नोंदणी यायची आहे. एका भिंतीच्या अल्याड बाई उभी आणि पल्याड तिचा अहवाल उभा, आणि दोघंही एकमेकांची वाट बघताहेत.

अहवालात शेरा होता: पुन्हा तपासणी आवश्यक.

दोन्ही नंबर मी बोट ठेवून वाचले. अगदी सारखे, चार आकडी. "ताई, हे तर एकच आहेत!"

"तुला एकच दिसताहेत," त्या म्हणाल्या. त्यांनी संगणकाला दोन्ही नंबरांची लांबी मोजायला सांगितली. डॉक्टरांच्या फायलीतला नंबर चार अक्षरांचा निघाला, आमचा पाच अक्षरांचा. चार दिसत होते आणि संगणक पाच मोजत होता.

ते पाचवं न दिसणारं अक्षर म्हणजे फायलीच्या अगदी सुरुवातीला बसणारी एक खूण. पुढचा मजकूर कोणत्या लिपीसंकेतात लिहिलाय हे वाचणाऱ्या प्रोग्रॅमला सांगण्यासाठी काही प्रोग्रॅम ती स्वतःहून घालतात. नावं मराठीत नीट उमटावीत म्हणून नव्या लॅपटॉपवर आम्ही फाईल साठवायचा जो प्रकार निवडला, त्यातच ती येत होती. ज्याला तिची ओळख आहे तो प्रोग्रॅम ती बाजूला ठेवून पुढे वाचतो. आमच्या प्रोग्रॅमला ओळख नव्हती. त्याने ती पहिल्या नंबराचाच भाग समजून घेतली. त्यामुळे प्रत्येक फायलीतली पहिली ओळ, आणि फक्त पहिलीच, कधीच जुळत नव्हती. बाकी सगळ्या व्यवस्थित. म्हणून तर कोणाच्या लक्षात आलं नाही. डॉक्टरांकडून दोन-चार अहवाल उशिरा यायचेच, तसाच हाही असेल, असंच कोणालाही वाटलं असतं.

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फायलीला वर मथळ्याची ओळ असती तर खूण तिला चिकटली असती, प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी अडला असता आणि आपल्याला कळलं असतं. मथळा नको, हा नियम माझा. जुळली नाही तर वाट बघ, हाही माझाच. चूक माझी आहे." मग उठल्या. "पर्स घे. मढला जायचंय."

"फोन लावू का त्यांना?"

"फोन चुकलाय, म्हणून तर जायचंय. आता फोन नको."

घाटकोपरहून मेट्रोने वर्सोवा, रिक्षाने जेट्टी, तिथून तरीच्या बोटीने खाडीपलीकडे. बोटीत ताई कडेला बसून होत्या. मी धीर द्यायला काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाल्या, "मला नको सांगू. तिला सांगायचं काय ते ठरव. तू बोलतेस बरं, पण आज मी बोलणार आहे. कुठे चुकले तर सांभाळ."

चांगुणाबाई घरापुढे काठ्यांवर बोंबील वाळत घालत होत्या. आम्हाला बघून खुशीत आल्या. "अगं बाय! आज बिनगाडीच्या कशा आल्या?"

"तुम्ही आधी बसा," ताई म्हणाल्या.

बसायला सांगितल्यावर बायकांना कळतंच. चांगुणाबाई ओट्यावर टेकल्या. ताई त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी सरळ सांगितलं. तुमचा अहवाल आला होता. पुन्हा तपासणी करावी लागेल असं त्यात होतं. आम्ही फोन करायला हवा होता, आमच्या संगणकातल्या चुकीमुळे तो झाला नाही. संगणक मी लावलाय, म्हणून चूक माझी आहे.

चांगुणाबाईंनी हातातला बोंबील ओट्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "मी सगल्या आळीला सांगत फिरली. फोन नाय म्हंजे मी झकास."

"हो. मी ऐकलं काल."

"आनि आता?"

"आता उद्या माझ्याबरोबर चला. परत तपासायचं म्हणजे काही असेलच असं नाही. पण बघायलाच हवं."

"आनि असला तर?" त्यांचा आवाज एकदम चढला. "इतकं दिवस गेलं, त्याचं काय? कोन भरून देनार? तू?"

"नाही देता येणार," ताई म्हणाल्या. "दिवस मला परत आणता येणार नाहीत. उद्यापासूनचा एकही जाऊ देणार नाही, एवढंच करू शकते."

चांगुणाबाई आत निघून गेल्या. आम्हाला वाटलं, आता काही बाहेर येत नाहीत. त्या आल्या त्या हातात पाण्याचे दोन पेले घेऊन. "उन्हातून आलाव. प्या," म्हणाल्या. आणि मग, ताईंकडे न बघता, "उद्या किती वाजता?"

गाठ होती. लहान होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. हे वाक्य ऐकताना दवाखान्याच्या बाकावर ताईंनी माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार झाले. त्या सगळ्या काळात ताई मुलुंडहून मालाडच्या दवाखान्यात जात राहिल्या. केस गेल्यावर चांगुणाबाई डोक्याला फडकं बांधून बाजारात बसू लागल्या, तेव्हा ताई त्यांच्यासमोर गिऱ्हाईक म्हणून उभ्या राहिल्या आणि भाव पाडून मागू लागल्या. "अगं, वाईच दया दाखव म्हातारीला," असं ताई म्हणत आणि चांगुणाबाई ओरडत, "आजारी बाईशी घासाघीस करतेस, लाज नाय वाटत?" दोघींना त्यात काय सुख मिळायचं ते त्या दोघींनाच ठाऊक. आज चांगुणाबाई ठणठणीत आहेत.

पण मला कचेरीतल्या त्या बैठकीबद्दल सांगायचं आहे, कारण ताईंची खरी ओळख मला तिथे झाली. मढहून आलो त्याच आठवड्यात त्यांनी विश्वस्तांना बोलावलं. चूक काय, कशी झाली, कोणाची, हे उभं राहून सांगितलं. नवा लॅपटॉप आल्यापासून जितकी शिबिरं झाली, त्या प्रत्येकातली पहिली बाई आपल्याकडून सुटली आहे, आणि त्या प्रत्येकीकडे मी स्वतः जाणार आहे, असंही सांगितलं.

विश्वस्तांमधले शहाभाई अस्वस्थ झाले. माणूस अगदी सज्जन, संस्थेसाठी वणवण करणारा. "ताई, जायचं तर जा, पण चूक झाली असं कशाला सांगता यार? नुसतं तपासणीला बोलवा ना. संस्थेचं नाव खराब होईल."

"तिने विचारलं, इतके दिवस का नाही बोलावलंत, तर काय सांगू?"

शहाभाईंनी हात वर केले. मग म्हणाले, "ओके, ओके. पण मग हे मराठीचं झंझट बंद करा. नावं परत इंग्लिशमध्ये टाका, प्रॉब्लेमच संपला."

"चूक माझी, आणि शिक्षा बायकांच्या नावांना?" ताई म्हणाल्या. "ते नाही होणार, शहाभाई."

"मग माझा मुलगा सांगतो ते करा. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणतो, फाईल आली की सुरुवातीचे तीन बाइट उडवायचे. एका ओळीचं काम."

तेव्हा ताईंनी जे सांगितलं ते मी आजवर विसरलेले नाही. "माझे बाबा गिरणीत शिक्के मारायचे. ताग्याच्या टोकाला गिरणीचा शिक्का असतो. शिक्का म्हणजे कापड नव्हे, तो बाजूला ठेवूनच कापड बेतायचं, हे खरं. पण सगळ्याच ताग्यांना शिक्का असतो असं नाही. न बघता प्रत्येक ताग्याचं टोक कापत सुटलात, तर बिनशिक्क्याच्या ताग्याचं चांगलं कापड जाईल. ही खूण दिसत नसली तरी साठवणीत तीन बाइटची, आणि आपल्या नंबरातला एकेक आकडा एका बाइटचा. ज्या फायलीत खूण नाही तिथे तुमच्या मुलाची सुरी नंबराचे पहिले तीन आकडे कापेल, आणि संगणक हूं की चूं करणार नाही. म्हणून आधी बघायचं. असेल तर बाजूला ठेवायचं, नसेल तर हात लावायचा नाही."

शहाभाई हसले. "ताई, तुम्ही माझ्या मुलाला शिकवणी ठेवा."

"पाठवा रविवारी. आंबोळ्या असतात."

ही थट्टा नव्हती. ताईंच्या मुलुंडच्या घरी रविवारी कोण ना कोण शिकायला असतंच. माझी मुलगी दहावीला असताना गणितासाठी वर्षभर तिथे जायची. काका आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ करायचे आणि ताई तिला सांगायच्या, "उत्तर आलं म्हणून खूश होऊ नको. प्रश्न नीट वाचलास का ते आधी बघ." मुलगी घरी येऊन आजीबाईंची नक्कल करायची. आता ती इंजिनीअरिंगला आहे आणि तेच वाक्य मला ऐकवते.

ताई त्या सगळ्या पहिल्या बायकांकडे गेल्या. कधी मी बरोबर असे, कधी शहाभाई स्वतः गाडी घेऊन येत. बाकीच्या सगळ्यांचे अहवाल चांगले होते. तरीही ताई प्रत्येकीच्या दारात तेच सांगत: चूक झाली होती, माझी होती. कोणी चिडलं, कोणी चहा पाजला. बोरिवलीच्या एका बाईंनी तर दारातच विचारलं, "एवढंच सांगायला आलात? मला वाटलं वर्गणी मागताय."

प्रोग्रॅम दुरुस्त झाला. फाईल आली की आता तो आधी सुरुवात तपासतो. खूण असेल तर बाजूला ठेवतो, नसेल तर तसाच पुढे जातो. फायलींना मथळ्याची ओळ आली. जुळलं नाही की नुसती वाट बघत बसायचं नाही, लगेच ओरडायचं, हेही ताईंनी त्याला शिकवलं. तरीही त्यांचं समाधान होईना. "प्रोग्रॅम मी लिहिलाय. आणि माझ्यावर माझा एकदा विश्वास बसला होता," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आणखी एक रीत सुरू केली, ती आमच्याकडे आजही चालते. शिबिरातल्या प्रत्येक बाईला आता अहवाल चांगला असला तरी निरोप जातो. आणि पहिल्या ओळीतल्या बाईला ताई स्वतः फोन करतात. "तुमचं नाव आमच्याकडे नीट पोचलं, अहवालही पोचला, चांगला आहे," एवढंच. अहवाल तसा नसेल तर अर्थातच पुढचं बोलणं वेगळं होतं. आमच्या कचेरीत त्याला 'पहिलीचा फोन' म्हणतात. मालाडपासून मुलुंडपर्यंत अशा कितीतरी बायका आहेत, ज्यांना ताई म्हणजे फोनवरचा एक खरखरीत, मायाळू आवाज एवढ्याच माहीत आहेत.

माझ्या स्वतःच्या आवाजावरही ताईंचं ऋण आहे. संस्थेत आल्यावर पहिल्यांदा एका बाईला वाईट बातमी सांगून मी फोन ठेवला आणि जिन्यात जाऊन रडत बसले. ताई चहाचे दोन पेले घेऊन आल्या, माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. समजूत घातली नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. चहा संपल्यावर म्हणाल्या, "रडणं थांबवू नको. थांबलं की मग तुझा आवाज बायकांना ऐकू येणार नाही, नुसता फोन ऐकू येईल. आता तोंड धू." मी अजूनही कधीकधी त्या पायरीवर जाऊन बसते.

इतक्या सगळ्या वर्षांत एक गोष्ट मात्र ताईंनी कधी केली नाही. हजारो बायकांना ज्या गाडीची पायरी चढायला लावली, ती त्या स्वतः कधी चढल्या नाहीत. विचारलं की उत्तर ठरलेलं: "आज कामात आहे", "पुढच्या खेपेला", आणि अलीकडे, "आता या वयात माझं काय बघायचंय?"

यंदा मढच्या शिबिरात त्या मला मदत करायला आल्या होत्या. चांगुणाबाई नेहमीप्रमाणे टोपली घेऊन पायरीपाशी उभ्या. दार उघडलं आणि त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी वळून ताईंचा दंड धरला.

"आज माजा नंबर हिला."

ताई गडबडल्या. "अगो, काहीतरीच काय! मला नोंदी करायच्यात."

"ती करंल नोंदी," माझ्याकडे बोट दाखवून चांगुणाबाई म्हणाल्या. "तू मना उन्हात बसवून सांगितलंस ना, बघायलाच हवं? मंग? तुला येगळा कायदा हाय?"

"अगो, माझं वय..."

"माजा पयला नंबर मी माज्या सुनेला पन देत नाय. तुला देतंय. चढ मुकाट्यानं!"

मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी माझ्याकडे आशेने पाहिलं. मी लॅपटॉपकडे मान वळवली आणि औपचारिक आवाजात विचारलं, "नाव?"

मग त्या म्हणाल्या, "सुहासिनी तळवडेकर," आणि पदर सावरून पायरी चढल्या.

मधले दिवस माझे कसे गेले, ते सांगत नाही. फायली आल्या, तेव्हा ताई मुलुंडला घरीच होत्या. प्रोग्रॅम आपलं काम करतो हे माहीत असूनही मी फाईल आधी स्वतः उघडली. सुरुवात तपासली. मग आत घेतली. पहिली ओळ जुळली. मी अहवाल दोनदा वाचला, आणि फोन उचलला. पहिलीचा फोन त्या दिवशी मी केला.

"बोल गो," पलीकडून आवाज आला. नेहमीपेक्षा जरा बारीक.

"ताई, तुमचं नाव नीट पोचलं. अहवाल पोचला. सगळं चांगलं आहे."

त्या काही बोलल्या नाहीत. खूश असल्या की गप्प होतात, हे मी आता पक्कं ओळखते, म्हणून थांबले. मागे काकांनी कसलंतरी भांडं पाडल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "फाईल आधी बघितलीस ना?"

"बघितली."

"खूण होती?"

"होती. बाजूला ठेवली."

"आणि बाकीच्या बायका?"

"सगळ्या पोचल्या, ताई. एकही सुटली नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "आता चांगुणाबाईंना कळव. सकाळपासून तीनदा फोन केलाय तिने मला. घासाघीस करायला येते म्हणावं, आता आजारी बाईशी नव्हे. ठणठणीत बाईशी."

ताई, या ग्रंथात तुम्हाला दीर्घायुष्य चिंतणारी पुष्कळ माणसं असतील आणि ती सगळी मनापासूनच चिंतत असतील. माझं मागणं एवढंच आहे. दर वर्षी तुम्ही त्या गाडीची पायरी सगळ्यांच्या आधी चढा. चांगुणाबाई मागून ओरडू देत. आणि दर वर्षी तो फोन मला करता येवो, आणि दर वर्षी तुम्ही मला विचारा, फाईल आधी बघितलीस ना.